न लिहिताच संपलेले पेन

सायकल वर्षभर परसात उभी ठेवली तर चाकांतली हवा जाते आणि साखळी गंजते. शाईचे पेन उघडे राहिले तर शाई वाळते. न वापरलेली वस्तूही खराब होते, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक असते. पण टॅबवर लिहायचे पेन घ्या. त्यात शाई नाही, साखळी नाही, चाक नाही. दिवाळीत पूर्ण भारित करून, डबीत घालून कपाटात ठेवलेले हे पेन जूनमध्ये शाळा सुरू होताना बाहेर काढावे, तर ते लिहीत नाही. चार्जरला लावावे, तर त्यावरचा बारीक दिवाही लागत नाही. पेन नवेकोरे दिसते, अंगावर ओरखडाही नसतो. पण ते मेलेले असते.

विद्यार्थी मित्रांनो, ही तक्रार आता फक्त पुण्या-मुंबईची राहिलेली नाही. मुंबई महानगरपालिकेने २०१५ साली आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या घरांतही पडद्यावरचा अभ्यास शिरला. नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेने प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांना टॅब दिले. टॅब आला की आकृत्या काढायला आणि गणिते सोडवायला पेन हवेसे वाटते. मग कुणी पैसे साठवून ते विकत घेते, कुणाला मामा घेऊन देतो. आमच्या बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावात अशा पेनची दुरुस्ती सहज होत नाही. त्यामुळे बंद पडलेल्या पेनवर घरातच प्रयोग सुरू होतात, आणि त्यातले काही प्रयोग धोक्याचे असतात.

म्हणून तीन प्रश्नांची उत्तरे आज शोधू या. पेन कपाटात पडून होते, तर त्यातली वीज कोणी खाल्ली? असे पेन पुन्हा जिवंत होऊ शकते का? आणि ते होत नसेल, तर जबरदस्ती का करू नये?

पेनला वीज कशासाठी?

टॅबच्या काचेखाली अतिशय बारीक, पारदर्शक विद्युत् वाहकांची जाळी असते. आपले बोट काचेजवळ आले की त्या ठिकाणची विद्युत् धारकता किंचित बदलते आणि बोट कोठे आहे हे टॅबला कळते. रबरी टोकाचे साधे पेन बोटाचेच काम करते. त्याला वीज लागत नाही, पण त्याची रेघ जाड आणि ढोबळ येते.

बारीक रेघ काढणारी पेने याहून हुशार असतात. त्यांच्या टोकातून दुबळा विद्युत् संदेश बाहेर पडतो व खालची जाळी तो टिपते. टोकावर किती दाब पडला, पेन किती कलले, ही माहितीही टॅबकडे जाते. त्यासाठी पेनच्या पोटात छोटे मंडल असते आणि त्या मंडलाला वीज पुरवणारा, पुन्हा पुन्हा भारित करता येणारा लिथियम-आयन घट असतो.

हा घट किती लहान असतो? २०१५ साली निघालेल्या पहिल्या ‘अ‍ॅपल पेन्सिल’मधील घटाचे विभवांतर ३.८२ व्होल्ट आणि ऊर्जा ०.३२९ वॉट-तास आहे. ऊर्जेला विभवांतराने भागले की धारणशक्ती मिळते: ०.३२९ ÷ ३.८२ = सुमारे ०.०८६ अँपिअर-तास, म्हणजे ८६ मिलिअँपिअर-तास. आजच्या साध्या मोबाइलमधील घट ५,००० मिलिअँपिअर-तासांचा असतो. मोबाइलचा घट हा पाण्याचा रांजण मानला, तर पेनचा घट म्हणजे त्याच्याशेजारी ठेवलेला लोटा. ही तुलना लक्षात ठेवा. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

घटाच्या आत काय चालते?

पुन्हा भारित करता येणारा पहिला घट फ्रान्समधील गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली शिसे व गंधकाम्ल वापरून केला. मोटारीतील बॅटरी अजून त्याच घराण्यातली आहे. लिथियम घटांचा पाया विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी घातला. १९८० साली जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा उपयोग दाखवला. १९८५ साली जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी सुरक्षित घटाचा नमुना तयार केला आणि १९९१ साली सोनी कंपनीने असे घट बाजारात आणले. गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या घटात दोन पट्ट्या असतात. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप दिला की झाली ऋण पट्टी. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियम कोबाल्ट ऑक्साइडसारख्या संयुगाचा लेप दिला की झाली धन पट्टी. दोन्ही पट्ट्यांमध्ये सूक्ष्म छिद्रांचा प्लॅस्टिकचा पडदा असतो आणि सगळे काही लिथियमचा क्षार विरघळवलेल्या सेंद्रिय द्रवात भिजलेले असते. हा द्रव पाण्यासारखा निरुपद्रवी नाही. तो पेट घेतो.

घट भारित करताना लिथियमचे आयन धन पट्टीतून निघतात, पडद्यातून पलीकडे जातात आणि ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. घट वापरताना ते उलट वाटेने परततात. इलेक्ट्रॉन मात्र बाहेरच्या मंडलातून, म्हणजे पेनमधून, काम करत जातात. पूर्ण भरलेल्या घटाचे विभवांतर सुमारे ४.२ व्होल्ट असते. ते सुमारे ३ व्होल्टपर्यंत उतरले की घट रिकामा झाला असे समजायचे, असा संकेत आहे.

‘समजायचे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. टॅबच्या पडद्यावर शून्य टक्के दिसते तेव्हा घटात अजून थोडा प्रभार उरलेला असतो. शेतकरी कितीही अडचण आली तरी बियाण्याचे पोते हलवत नाही, तसा हा उरलेला साठा राखून ठेवायचा असतो. घटाचा जीव त्यातच असतो.

वीज गेली कोठे?

आता पहिला प्रश्न. पेन बंद दिसते, पण ते पूर्ण बंद नसते. हातात घेताच जागे व्हावे, टॅबची हाक ऐकू यावी, यासाठी त्यातले मंडल अगदी थोडा प्रवाह सतत घेत असते. शिवाय घटाच्या आतही नको त्या रासायनिक क्रिया मंद गतीने चालू असतात व त्यामुळे प्रभार आपोआप कमी होतो. याला स्वयं-विसर्जन म्हणतात.

हिशेब करून पाहू. समजा, हे सारे मिळून केवळ २० मायक्रोअँपिअर प्रवाह जातो. एका महिन्यात ७२० तास. २० × ७२० = १४,४०० मायक्रोअँपिअर-तास, म्हणजे १४.४ मिलिअँपिअर-तास. घट ८६ मिलिअँपिअर-तासांचा. ८६ ÷ १४.४ = सुमारे ६. म्हणजे पूर्ण भरलेले पेन सहा महिन्यांत, एकही अक्षर न लिहिता, रिकामे होईल!

हाच २० मायक्रोअँपिअर प्रवाह ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या मोबाइलमधून गेला असता तर? ५,००० ÷ ०.०२ = २,५०,००० तास, म्हणजे २८ वर्षांहून अधिक. पाझर तेवढाच, पण एकीकडे रांजण आहे आणि दुसरीकडे लोटा. ठिबकच्या नळीतून थेंब थेंब गळणारे पाणी रांजणातून गेलेले कळतही नाही. लोटा मात्र सकाळपर्यंत कोरडा होतो. लहान उपकरणांचे घट पडून राहून लवकर का मरतात, याचे हे कारण आहे. कानातले बिनतारी श्रवणयंत्र, मनगटावरचे घड्याळ, पेन ही सारी एकाच पंक्तीतली मंडळी आहेत.

आता दिवाळीपासून जूनपर्यंतचे महिने मोजा. ते सात-आठ भरतात. आपले काल्पनिक पेन एप्रिल-मेच्या सुमारास रिकामे होते आणि तेही कधी? नांदेड जिल्ह्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो तेव्हा. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की पुष्कळशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. २५ अंशांच्या जागी ४५ अंश असतील, तर वेग चौपट. पत्र्याच्या खोलीतल्या, भिंतीत बसवलेल्या कपाटात दुपारी किती अंश होतात, ते एकदा तापमापक ठेवून पाहा.

झोपलेले आणि मेलेले

रिकाम्या घटाच्या पुढे तीन पायऱ्या असतात. त्या ओळखता आल्या, तर काय करावे हे सहज ठरते.

पहिली पायरी: घट ३ व्होल्टच्या आसपास आला आहे. पेनने स्वतःला बंद केले आहे. चार्जरला लावताच ते नेहमीप्रमाणे भरू लागते. येथे काहीच बिघडलेले नाही.

दुसरी पायरी: विभवांतर आणखी उतरून सुमारे २.५ व्होल्टच्या खाली गेले आहे. बहुतेक लिथियम घटांना एक चिमुकले रक्षक मंडल जोडलेले असते. ते अशा वेळी घटाचा बाहेरच्या मंडलाशी असलेला संबंध तोडते. बाहेरून मापक लावला तर शून्य व्होल्ट दिसते. घट मेल्यासारखा वाटतो, पण तो झोपलेला असतो. चार्जरचे विभवांतर मिळाले की रक्षक मंडल पुन्हा जोडणी करते.

तिसरी पायरी: रक्षक मंडलालाही जगायला काही मायक्रोअँपिअर लागतात, आणि घटाचे स्वयं-विसर्जन तर थांबतच नाही. समजा, राखीव साठा ३ मिलिअँपिअर-तासांचा आहे व पाझर ४ मायक्रोअँपिअरचा. ३,००० ÷ ४ = ७५० तास, म्हणजे सुमारे एक महिना. एवढ्या काळात बियाण्याचे पोतेही रिकामे होते. विभवांतर २ व्होल्टच्या, पुढे १ व्होल्टच्याही खाली घसरते. येथून पुढे घटाच्या शरीरालाच इजा होऊ लागते.

ही इजा कशी होते, हे समजायला घरावरचा पत्रा आठवा. लोखंडी पत्र्यावर जस्ताचा थर असतो. जस्त अधिक क्रियाशील असल्यामुळे ते स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. जस्त संपले की लोखंड गंजू लागते. लिथियम घटात लोखंडाच्या जागी तांबे आहे व जस्ताच्या जागी ग्रॅफाइटमध्ये बसलेले लिथियम. ग्रॅफाइटमध्ये थोडे जरी लिथियम असेल, तरी ऋण पट्टीचे विभव इतके खाली राहते की तांब्याला काही होत नाही. लिथियम जवळजवळ सगळे निघून गेले, की ह्या पट्टीचे विभव वर चढते, तांब्याचे ऑक्सिडीकरण सुरू होते आणि तांब्याचे आयन द्रवात उतरू लागतात.

पेन नुसते पडून आहे तोवर यातले काहीच बाहेरून दिसत नाही. खरा धोका त्याला पुन्हा भारित करताना येतो. द्रवात उतरलेले तांबे आता धातूच्या रूपाने परत जमू लागते. पण ते मूळ पत्र्यावर नीटनेटके बसत नाही. ते वेडेवाकडे, कधी सुईसारख्या काट्यांच्या रूपात वाढते. असा काटा मधल्या पातळ पडद्याच्या आरपार गेला, की ऋण आणि धन पट्ट्या आतल्या आत जोडल्या जातात. त्यालाच आपण शॉर्ट सर्किट म्हणतो. घट तापतो, आत वायू तयार होतो, घट फुगतो आणि द्रव पेटूही शकतो.

एवढ्याशा घटाने काय होणार, असे वाटते ना? ०.३२९ वॉट-तास म्हणजे ०.३२९ × ३,६०० = सुमारे १,१८४ ज्यूल. एक किलोग्रॅमचे वजन १२० मीटर उंच नेण्याइतकी ही ऊर्जा आहे. ती बोटभर नळीत, क्षणार्धात, उष्णतेच्या रूपाने मोकळी झाली तर काय होईल? शिवाय द्रव पेटल्यास त्याची उष्णता वेगळीच. आणि पेन आपण डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरतो.

चार्जर नकार का देतो?

आता तुमच्या लक्षात येईल की दिवा न लावणारे पेन हट्टी नसते. ते सावध असते. भारित करण्याचे काम सांभाळणारे मंडल आधी घटाचे विभवांतर तपासते. ते ३ व्होल्टच्या आसपास किंवा वर असेल तर ते नेहमीचा प्रवाह सोडते. त्याहून कमी असेल तर नेहमीच्या सुमारे दहाव्या भागाइतका बारीक प्रवाह देऊन वाट पाहते. अनेक दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला आपण एकदम पुरणपोळी वाढत नाही, आधी पेज देतो, तसेच हे आहे. बारीक प्रवाहानेही ठरावीक वेळात विभवांतर चढले नाही, किंवा ते मुळातच फार खाली असले, तर हे मंडल काम थांबवते. हा नकार म्हणजे बिघाड नव्हे, तर बिघाडाची सूचना आहे.

आधी हे तपासा

पेन मेले असे ठरवण्यापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने करा.

१. पेन नीट पाहा. ते फुगले असेल, नळीचा जोड उघडला असेल, गोडसर किंवा उग्र वास येत असेल, तर येथेच थांबा. ते चार्जरला लावू नका.

२. पेनचे टोक सैल झाले आहे का पाहा. चार्जिंगच्या खाचेत धूळ किंवा दप्तरातला कापूस अडकला असेल, तर पेन बंद असताना कोरड्या मऊ ब्रशने तो काढा. टाचणी घालू नका.

३. दुसरी केबल वापरून पाहा. पेनसोबत आलेली केबल असेल तर तीच उत्तम.

४. पॉवर बँकेवर विसंबू नका. यात एक गंमत आहे. आपल्या ८६ मिलिअँपिअर-तासांच्या पेनचा सुरुवातीचा बारीक प्रवाह ८-९ मिलिअँपिअर इतकाच असतो. इतका कमी प्रवाह पाहून पुष्कळ पॉवर बँकांना वाटते की काही जोडलेलेच नाही, आणि त्या थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. पेन मात्र बदनाम होते. भारनियमनाच्या गावांत हा घोटाळा हमखास होतो. त्याऐवजी संगणकाच्या यूएसबी खाचेला किंवा साध्या ५ व्होल्टच्या चार्जरला पेन लावा.

५. अर्धा ते एक तास वाट पाहा. पेन दगडी फरशीवर, डोळ्यांसमोर ठेवा. गादीवर किंवा उशीखाली नको. मधून मधून हात लावून पाहा. कोमट लागले तर हरकत नाही, पण चटका बसू लागला तर लगेच काढा. रात्रभर लावून झोपू नका.

६. पेन भरले पण लिहीत नसेल, तर टॅबच्या ब्लूटूथच्या यादीतून त्याचे नाव काढून पुन्हा जोडा. अनेकदा घट ठीक असतो आणि ओळख तेवढी पुसलेली असते.

७. पेन भरते, लिहिते, पण अर्ध्या तासात पुन्हा शून्यावर येते? मग घट जिवंत असला तरी त्याची धारणशक्ती गेली आहे. पेन आपोआप वेगाने उतरत असेल, तर ते वापरण्याचा आग्रह धरू नका.

एवढे करून दिवा लागला नाही, तर पेन तिसऱ्या पायरीवर आहे असे समजावे.

झटका देऊ नका

अशा वेळी कोणीतरी हमखास सांगते, ‘बॅटरीला झटका द्या, उठेल.’ मग नऊ व्होल्टच्या चौकोनी विजेरीच्या तारा थेट घटाला लावल्या जातात किंवा जुन्या चार्जरची वायर कापून टोके टेकवली जातात. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांतही बॅटरी ‘बूस्ट’ करून मिळते. कधी कधी हा उपाय लागूही पडतो, म्हणून तर तो टिकून आहे. तो लागू पडतो कारण तो घट दुसऱ्या पायरीवर, म्हणजे फक्त झोपलेला होता. पण झोपलेला आणि मेलेला यांतला फरक बाहेरून दिसत नाही, आणि झटका देणारा हात तो तपासत नाही. तिसऱ्या पायरीवरच्या घटात जबरदस्तीने प्रवाह ढकलणे म्हणजे तांब्याचे काटे आपल्या हाताने वाढवणे होय. त्यातून उठलेला घट आज चालतो आणि महिन्याने दप्तरात तापतो.

शीतकपाटात ठेवल्यानेही विरघळलेले तांबे जागेवर येत नाही. उलट बाहेर काढल्यावर आत दव धरते. पेन आपटून, दाबून किंवा नळी कापून पाहू नका. घट नळीत चिकटवलेला असतो. तो ओढताना वाकला किंवा त्याला चाकूचे टोक लागले, तरी आतला पडदा फाटतो. हे काम योग्य साधने असलेल्या जाणकाराचे आहे. पेन मुदतीच्या आत असेल तर पावती शोधा आणि ते विक्रेत्याकडे परत द्या.

मेलेल्या पेनचे काय करावे?

ते कचराकुंडीत टाकू नका आणि चुलीत तर मुळीच नाही. कचऱ्याच्या गाडीत दबलेले लिथियम घट पेट घेतात. केंद्र सरकारच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरून झालेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्यावर योग्य प्रक्रिया करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्या बॅटऱ्यांवर काट मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह असते. नांदेड किंवा लातूरला जाणे होईल तेव्हा विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्रात पेन जमा करा. तोवर त्याच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावून कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवावे. शिक्षकांनी शाळेत असा एक डबा ठेवला, तर गावातले मेलेले घट एकत्र करून नेता येतील. त्या घटांत कोबाल्ट, तांबे, लिथियम आहे; ते पुन्हा वापरात येऊ शकते.

येथे तुम्ही विचाराल, घट बदलता येईल अशी पेने का करत नाहीत? काही कंपन्यांनी केली आहेत. मायक्रोसॉफ्टच्या ‘सरफेस’ पेनच्या काही नमुन्यांत ‘एएएए’ आकाराची, सहज बदलता येणारी बारीक विजेरी असे. युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या कायद्यात, लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता व बदलता आली पाहिजे, असा नियम १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू करण्याचे ठरवले आहे. त्याला काही अपवादही आहेत.

त्याहून सुंदर युक्ती म्हणजे घटच नसलेले पेन. १९८३ साली स्थापन झालेल्या वॅकॉम ह्या जपानी कंपनीने ती पुढे आणली. पेनमध्ये फक्त तारेचे वेटोळे व धारित्र असते. पडद्याखालील वेटोळी बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. पेनचे वेटोळे अनुस्पंदनाने त्यातूनच ऊर्जा घेते आणि उत्तर परत पाठवते. दहावीत शिकलेले विद्युत् चुंबकीय प्रवर्तन येथे प्रत्यक्ष राबताना दिसते. २०११ सालच्या सॅमसंग ‘गॅलक्सी नोट’चे पेन ह्याच प्रकारचे होते. अशा पेनमध्ये लिहिण्यासाठी घटच लागत नाही, मग तो मरणार कसा? मात्र त्यासाठी टॅबच्या पडद्याखालीही तशीच वेटोळी हवीत. म्हणून पेन घेण्यापूर्वी आपल्या टॅबला कोणत्या प्रकारचे पेन चालते, हे विचारूनच पैसे मोजा.

चांगले पेन मरू नये म्हणून

घटाला दोन गोष्टी सोसत नाहीत: पूर्ण रिकामे पडून राहणे आणि उष्णता. पूर्ण भरलेल्या अवस्थेत खूप दिवस तापत राहणेही त्याला मानवत नाही. म्हणून परीक्षेनंतर पेन ठेवून द्यायचे असेल, तर ते निम्म्याहून थोडे अधिक भरून ठेवा आणि दर महिन्याला एकदा बाहेर काढून तेवढेच पुन्हा भरा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेला खूण करा. पेन घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या जागी ठेवा. पत्र्याखालची फळी, उन्हाची खिडकी, मोटारसायकलची डिकी ह्या जागा नकोत.

करून पाहा

उष्णतेचा परिणाम वर्गात तपासण्यासाठी लिथियम घट मुळीच वापरू नका. त्याऐवजी पुन्हा भारित होणाऱ्या, ‘एए’ आकाराच्या, एकाच कंपनीच्या दोन निकेल-मेटल हायड्राइड विजेऱ्या घ्या. दोन्ही पूर्ण भरा. एकीवर ‘अ’, दुसरीवर ‘ब’ लिहा. ‘अ’ माठाजवळच्या थंड पण कोरड्या कोपऱ्यात ठेवा, ‘ब’ पत्र्याच्या खोलीत सावलीत ठेवा. दोन्ही ठिकाणचे दुपारचे तापमान रोज नोंदवा. दोन महिन्यांनी प्रत्येकीवर एकाच प्रकारचा छोटा बल्ब जोडा आणि तो मंद होईपर्यंत किती मिनिटे लागली, ते मोजा.

फरक मिळाला तरी लगेच निष्कर्ष काढू नका. कदाचित ‘ब’ विजेरी मुळातच दुबळी असेल! म्हणून दोन्ही पुन्हा भरून जागांची अदलाबदल करा आणि प्रयोग परत करा. दोन्ही वेळा उन्हाळी खोलीतलीच विजेरी आधी संपली, तर दोष विजेरीचा की जागेचा, हे तुमचे तुम्हीच सांगू शकाल. हा प्रयोग मार्चमध्ये सुरू केला तर अदलाबदलीनंतरचे दोन महिने मे-जूनमध्ये येतील आणि दोन्ही वेळचे तापमान सारखे राहणार नाही. त्यामुळे निकालात काय फरक पडेल, याचा विचार करून आपला अंदाज आधीच वहीत लिहून ठेवा.